पायाखालचा मध्यम

पेडल स्टील गिटार म्हटलं की बहुतेकांना एकच चित्र दिसतं, काउबॉय हॅट, अमेरिकन कंट्री संगीताचं शहर नॅशव्हिल आणि ब्रेकअपच्या गाण्यामागे हुंदके देणारा तो आवाज. आपल्याकडे तर हे वाद्य फार जणांनी जवळून पाहिलेलंही नाही. माझ्या दादरच्या घरात मात्र ते हॉलची बरीचशी जागा अडवून बसलंय (मामेभावाने अमेरिकेहून येताना त्याचे पाय, दांडे सगळं सुटं करून विमानाच्या २३ किलोत बसवून आणलं, त्याचे उपकार आहेत), आणि रोज त्यावर बसून बसून माझं आता पक्कं मत झालंय की या वाद्याला कंट्रीच्या बाहेर न्यायचं असेल तर नुसती गाणी बदलून काही होत नाही. पेडलला काय जोडलंय ते बदलावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी ते चालतं कसं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टेबलासारखं आडवं वाद्य, माझ्या वाद्यावर १० तारा आहेत, डाव्या हातात स्टीलचा जाड गुळगुळीत गोल दांडा, त्याला बार म्हणतात, तो तारांवर टेकवून सरकवायचा. उजव्या हाताला अंगठ्यात प्लास्टिकचा आणि बोटांत धातूचे पिक्स. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. डावा पाय खालच्या तीन पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. पेडल दाबलं की वाद्याच्या पोटाखालून जाणारा रॉड ओढला जातो, तो उजव्या टोकाच्या चेंजरला, म्हणजे तार जिथे अडकवलेली असते त्या हलत्या भागाला खेचतो, आणि ठरलेली तार ठरलेल्या अंतराने चढते. लिव्हरने काही चढतात, काही उतरतात. पाय काढला की स्प्रिंग ती तार परत जागेवर आणतं. आणि किती चढायचं ते टोकाला असलेल्या छोट्या नायलॉनच्या नटाने हवं तेवढं ठरवता येतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता बारने मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, घेता येते हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. हवाईयन गिटार आपल्याकडे जुनीच. हवाईच्या जोसेफ केकुकूने १९ व्या शतकाच्या शेवटी ही पद्धत काढली असं मानतात, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिचं वेड पसरलं आणि पुढे ती फिरत्या हवाईयन कलाकारांबरोबर कलकत्त्याला आली, मुंबईला आली आणि मुंबईत थेट फिल्म ऑर्केस्ट्रात जाऊन बसली. वॅन शिपली, हजारा सिंग यांच्या त्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारच्या रेकॉर्ड्स ज्यांच्या घरी रेडिओग्राम होता त्यांच्याकडे असायच्याच, सुनील गांगुलींच्या तर लग्नाच्या हॉलमध्ये पण वाजायच्या. पन्नास-साठच्या दशकातली हिंदी गाणी ऐका, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधे तो सरकता आवाज कितीतरी वेळा येतो, आपण त्याला कधी परदेशी म्हटलं नाही. मग ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर पूर्ण राग मांडला, १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची ती रेकॉर्ड आजही घराघरात आहे, विश्वमोहन भट्टांनी याच गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा केली आणि १९९४ चं ग्रॅमी आणलं. मीसुद्धा लहानपणी हवाईयनच शिकले, क्लासमध्ये आम्ही ओळीने बसून मांडीवर गिटार घेऊन वाजवायचो.

पण पेडल आपल्याकडे कधी आलंच नाही, आणि त्याचं कारण मला साधं वाटतं. एकच सुरावट वाजवायची असेल तर पेडलची गरजच नाही. बार पुरतो. उलट बारच जास्त चांगला, कारण हाताला जेवढी बारीक हालचाल जमते तेवढी पायाला जमत नाही.

मग पेडल कशाला? इथे खरी गंमत आहे. बार सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. सा आणि प धरून ठेवून नुसता ग वर न्यायचा असेल तर बारने ते होत नाही, बार तिरका करून थोडंफार होतं पण तेवढंच. पेडलने होतं. बाकीचे सूर जागच्या जागी वाजत राहतात आणि त्यांच्या आतून एकच सूर चालत जातो. सुरुवातीला पेडल फक्त ट्यूनिंग पटकन बदलायला होती, म्हणजे दाबायचं आणि मग वाजवायचं. १९५३ मध्ये बड आयझॅक्स या स्टीलवादकाने एका रेकॉर्डिंगमध्ये तारा वाजत असतानाच पेडल दाबलं, पुढच्या वर्षी ते गाणं हिट झालं आणि नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवाल्याला तसंच वाद्य हवं झालं. कंट्रीवाल्यांनी तो आवाज उचलला आणि जिथे तिथे वापरला, म्हणून ते वाद्य कंट्रीचं झालं. तो आवाज मात्र कंट्रीचा नाही, स्थिर सुरांमधून हलणारा एक सूर एवढाच तो आवाज आहे, आणि ज्या माणसाच्या कानात जन्मापासून तंबोरा आहे त्याला तो आवाज अमेरिकन वाटायचं काही कारणच नाही.

हे मला कधी कळलं तर ई नाइन ट्यूनिंग सा रे ग मध्ये लिहून काढलं तेव्हा. कंट्रीचं हे स्टँडर्ड ट्यूनिंग. ई ला सा धरा. मग लांबच्या तारेपासून (ती १ नंबरची) जवळच्या तारेपर्यंत (ती १०) सूर असे येतात: रे, नि, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नि, प. बघितलंत? मधे प सा ग रे सगळं तयार आहे, खाली मंद्र पंचम आहे. आता पेडल, तिन्हींना ए, बी, सी म्हणतात. ए पेडलने प चा ध होतो. बी पेडलने ग चा मध्यम. सी पेडलने सा चा रे आणि प चा ध. एका लिव्हरने सा चा कोमल रे, दुसरीने सा उतरून शुद्ध नि, तिसरीने रे चढून कोमल ग, आणि गुडघा वर उचलून दाबायची जी उभी लिव्हर आहे तिने प उतरून तीव्र मध्यम होतो.

म्हणजे बार एका जागी ठेवून, अजिबात न हलवता यमन वाजतो. ८ व्या तारेवर लिव्हर लावून नि, ७ व्या तारेवर रे, ६ व्या तारेवर ग, ५ व्या तारेवर गुडघा उचलून तीव्र म, गुडघा सोडत पाय दाबला की त्याच तारेवर ध, मधे पंचम नुसता लागून जातो, थांबत नाही, जसं यमनच्या आरोहात व्हायला हवं अगदी तसं. मग २ नंबरवर नि आणि ४ वर तार सा. त्या दिवशी मी हे परत परत वाजवत बसले, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत घरात. नॅशव्हिलच्या लोकांनी त्यांच्या मेजर कॉर्डसाठी बसवलेलं ट्यूनिंग आणि त्यात यमन आपसूक बसलेला!

पण अडचण लगेच आली. ए पेडल ५ आणि १० दोन्ही तारा चढवतं, कारण कंट्रीत कॉर्ड बदलायची असते आणि दोन्ही प ध व्हायला हवे असतात. मला तर खालचा पंचम आधारासाठी हवाय, तो हलला की तंबोराच गेला. म्हणून मी वाद्य उलटं केलं, खाली सतरंजी टाकून. पोटाखाली रॉडची रांग असते, सायकलच्या स्पोकपेक्षा जरा जाड, प्रत्येक रॉड एका बाजूला पेडलच्या कडीत अडकलेला आणि दुसऱ्या बाजूला चेंजरमधून बाहेर येऊन नायलॉनच्या नटात संपलेला. १० व्या तारेचा नट फिरवून काढला, रॉड मागे ओढून कडीतून सोडवला, झालं. उभ्या लिव्हरचाही १० व्या तारेकडे जाणारा रॉड तसाच काढला. दोन रॉड ड्रॉवरमध्ये गेले आणि मंद्र पंचम कायमचा मोकळा झाला. आता कंट्रीचं एकही गाणं त्यावर नीट वाजत नाही आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गंधार. बरेच पेडल स्टीलवाले ट्यूनरवर सगळं शून्यावर लावत नाहीत, ग ची तार कानाने जरा उतरवून लावतात, कारण सप्तकाचे बारा सारखे भाग करून येणारा गंधार सा आणि प बरोबर धरला की खरखरतो. किती उतरवतात, तर साधारण १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. हा कुठला गंधार आहे? तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, खर्जाचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे त्या तारेतच दडलेला उपस्वर. मी आता ट्यूनर बाजूला ठेवते, तंबोऱ्याचं ॲप लावते आणि ग त्यातून जो ऐकू येतो त्याला लावते, मग पेडलचे नट फिरवून म आणि ध पण तसेच. प्रत्येक सूर त्याच्या श्रुतीवर बसवता येणारं आणि तरीही एका वेळी तीन-चार सूर वाजणारं वाद्य दुसरं कुठलं आहे सांगा. एक सांगायला हवं, दोन पेडल जोरात दाबली की वाद्याचं अंग किंचित वाकतं आणि न हलवलेल्या तारा पण केसभर उतरतात, कंट्रीत कोणाला कळत नाही पण आपल्या आधार सुरावर ते कळतं, म्हणून पाय हळू टाकायचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये आषाढीला भजन असतं. मावश्यांचं मंडळ, पेटीवर एक काका, वय सत्तरीच्या पुढे पण कान तिखट. यंदा मावश्या म्हणाल्या, अगं आण ना तुझं ते टेबल. पट्टी काळी चार, म्हणजे चौथ्या फ्रेटच्या रेषेवर बार ठेवला की सा मिळाला, बाकी सगळं पायात. पेटी आहे म्हटल्यावर तेवढ्यापुरता गंधार पेटीला लावला, माझा स्वयंभू आणि त्यांचा पेटीचा असे दोन गंधार एका अभंगात चालत नाहीत आणि भजनात मान पेटीचाच. भीमपलासीच्या अंगाचा एक अभंग होता. कोमल ग मी लिव्हरने घेत होते, रे वरून चढवून. गजर संपला, चहा आला, काका माझ्याजवळ येऊन बसले आणि वाकून खाली पेडलकडे बघायला लागले.

"पाय दाबला की गंधाराचा मध्यम होतो, हो ना गं?"

"हो काका."

"आणि मधेच थांबवता येतो?"

"येतो, अर्धाच दाबायचा."

"चांगलंय. पण तुझा कोमल गंधार खालून येतोय. भीमपलासीचा गंधार मध्यमाला शिवून येतो गं, वरून. हा खालून चढतोय तर मला दरबारीचा वास येतोय."

एवढंच बोलून ते चहा प्यायला लागले. मी मात्र घरी येऊन रात्री तेच घेऊन बसले, कारण त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं. सूर कुठला एवढंच महत्त्वाचं नाही, तो कुठून येतो हे महत्त्वाचं. आणि पेडल स्टीलवर तर कुठून येतो हे यंत्रातच पक्कं केलेलं असतं! रॉड तार चढवतो की उतरवतो यावर राग ठरतो. दरबारीच्या आंदोलित गंधाराला रे वरून चढणारी लिव्हर सोन्यासारखी आहे, गुडघा हळूहळू आत-बाहेर केला की ग झुलतो आणि सा प खाली स्थिर, ते ऐकून बघा एकदा. भीमपलासीला मात्र उलट हवं. म्हणून ६ व्या तारेला शुद्ध ग च्या ऐवजी मध्यमावर लावलं, बी पेडलचा त्या तारेचा रॉड सोडवला, आणि ज्या लिव्हरने ती तार पूर्वी ग वरून रे वर उतरायची त्याच लिव्हरने आता ती म वरून कोमल ग वर उतरते. म वाजवायचा, गुडघा लावायचा, ग आला, मध्यमाला शिवून. पुढच्या आठवड्यात काकांना बोलावून ऐकवलं, ते "आता आहे" म्हणाले. काकांकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

यावरून मला बाहेरच्या लोकांचं काम पण वेगळं ऐकू यायला लागलं. बडी एमन्स, ज्याला सगळे या वाद्याचा राजा मानतात, त्याने १९६३ मध्येच न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांबरोबर पूर्ण रेकॉर्ड केली, पण त्यासाठी त्याच्याकडे सी सिक्स नावाचं वेगळं ट्यूनिंग होतं, ई नाइनवर जॅझ लादला नाही. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड नावाच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून ऑर्गनच्या जागी स्टील वाजतंय, आधी मांडीवरचं, मग पेडलचं, तिथला वादक प्रवचनकाराचं वाक्य उचलून तारेवर तसंच्या तसं बोलतो आणि लोक उभे राहून नाचतात, रॉबर्ट रँडॉल्फ त्यातूनच बाहेर आला. ते ऐकताना मला सारखं आपलं भजन आठवतं, बुवांनी ओळ टाकायची आणि मागून सगळ्यांनी उचलायची. नायजेरियात किंग सनी अडेच्या जुजू बँडमध्ये डेमोला अडेपोजू पेडल स्टील वाजवायचा, १९८२ च्या त्यांच्या रेकॉर्डमध्ये ऐका, कितीतरी गिटार आणि बोलणारे ढोल यांच्या मधून तो लांबून हाक मारल्यासारखा दोनच सूर टाकतो आणि गप्प होतो. किती कमी वाजवतो! मला तो फार आवडतो. गाण्यात जागा कुठे आहे ते त्याला बरोबर कळलंय.

आणि सुझन अल्कॉर्न. टेक्सासच्या बारमध्ये कंट्री वाजवत वाजवत ती पियाझोलाच्या टँगोपर्यंत, फ्रेंच संगीतकार मेसियांपर्यंत आणि पूर्ण मुक्त वादनापर्यंत गेली, २०२५ च्या जानेवारीत वारली बिचारी. तिचं वादन गोड नाही. तारेवर बार घासल्याचा आवाज, पेडल सुटल्याचा आवाज, सगळं ती ऐकू देते. तिच्या उलट एक मोठा प्रवाह आहे जो या वाद्याला नुसता धूर करून टाकतो, भरपूर रिव्हर्ब (आवाजाला घुमारा), व्हॉल्यूम पेडलने सुराची सुरुवात लपवायची आणि ढगासारखं पसरू द्यायचं. डॅनियल लॅन्वाने १९८३ मध्ये ब्रायन ईनोबरोबर अपोलो मोहिमांच्या माहितीपटासाठी केलं ते सुंदरच आहे, अंतराळवीर कंट्रीच्या कॅसेट घेऊन गेले होते म्हणून तिथे स्टील आलं, त्याला कारण होतं. पण त्यानंतरच्या कितीतरी जणांनी तेवढंच उचललं. मला ते ऐकताना वाटतं की अरे दहा तारा, तीन पेडल, पाच लिव्हर आहेत, त्यातून सूर कुठून कुठे जातोय ते ऐकू तरी येऊ दे.

जे जमत नाही ते पण सांगते. पायाने तान होत नाही. गमक पण नाही, स्प्रिंगला परत यायला वेळ लागतो. सप्तकभराची लांब मींड बारनेच घ्यायची, आणि बार हलला की आधाराच्या तारा पण हलतात म्हणून त्या वेळी त्या तळहाताने दाबून गप्प करायच्या. म्हणजे हे वाद्य आलापाचं आहे, ठेहरावाचं आहे, साथीचं तर फारच आहे, गाणाऱ्याच्या मागे सा प धरून एखादा सूर हळूच हलवला की गाणारा वळून बघतो. द्रुत वाजवायचं तर मोहनवीणा आहेच, तिच्याशी स्पर्धा कशाला.

आणि मुंबईत हे सांभाळणं हा एक वेगळाच उद्योग आहे. जून लागला की तारांना गंज धरतो, मी वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसते, चेंजरमध्ये तेलाचा थेंब टाकते. दुरुस्तीला कोणाकडे न्यायचं हा प्रश्नच नाही कारण न्यायला कोणी नाहीच, पण आतलं सगळं साधं यंत्रकाम आहे, कडी, रॉड, स्प्रिंग, नट. नागदेवी स्ट्रीटला ज्याने आयुष्यभर नट-बोल्ट विकलेत त्याला रॉड दाखवला तर तो दोन मिनिटांत हातात ठेवतो आणि वर विचारतो, मॅडम मशीन कौनसी है.

आता पुढचं काम भैरवीचं आहे. कोमल रे लिव्हरवर आहे, सा वरून चढतो, भैरवीला चालतो. कोमल ग आता मध्यमावरून उतरतो. कोमल नि ९ व्या तारेवर तयारच. अडलंय ते कोमल धैवतावर. ए पेडल अर्धंच दाबून येतो, पण प्रत्येक वेळी तिथेच थांबेल याचा भरवसा नाही, आणि भैरवीत तो सारखा लागतो. सी पेडल मला तसंही कशालाच लागत नाही, त्याचे सगळे रॉड काढून ५ व्या तारेचा एकच परत लावायचा, कडीच्या दुसऱ्या भोकात, म्हणजे ओढ कमी होईल आणि नट फिरवून नेमका अर्धा स्वर चढेल असं बसवायचं. त्यासाठी रॉड थोडा लांब लागणार आहे, शनिवारी नागदेवीला जाते. कार्तिकीच्या भजनाची शेवटची भैरवी त्यावरच वाजवायची असं मावश्यांनी मला न विचारता ठरवून टाकलंय आणि काकांनीही पट्टी सांगून ठेवलीये.